आवतण दिलेली भुईआवळी

बालीगंज स्टेशनच्या अलीकडे रेल्वेचा भराव वळतो, तिथे पावसाळ्यात कोळशाच्या राखेतून आणि विटांच्या तुकड्यांतून जे काही उगवतं त्याला सगळी दुनिया गवत म्हणते. आठल्यांच्या सुनीतीबाई म्हणत नसत. त्यांना त्यातली काडी न् काडी नावानिशी ठाऊक होती. बाजारात भाजी घ्यायला जाताना त्या भरावाकडे नुसती मान वळवत, आणि कुठे एवढीशी भुईआवळी आली असली तरी ती त्यांना दिसे. शेजारणींना गल्लीतल्या नव्या साड्या दिसत तशी.

कलकत्त्यात मराठी माणसं तेव्हा मूठभर. हिशेब खातं, टपाल-तार, बँका यांतून बदली होऊन आलेली, आणि काही इथेच जन्मून इथेच मुरलेली. मूठभर असल्यामुळे सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत. कोणाचे डोळे पिवळे दिसले की आधी डॉक्टर, आणि डॉक्टरांनी ग्लुकोज लिहून दिलं की लगोलग सुनीतीबाई, हा क्रम ठरलेला होता. त्यांचे यजमान रघुनाथराव केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होते. अडतीस साली बदलीवर आले आणि इथलेच झाले. बायकोच्या औषधाचं त्यांना कौतुक नव्हतं, तसा रागही नव्हता. "बहुतेकांची कावीळ आपली आपण उतरते," ते म्हणायचे, "पण तोवर वाट बघत बसायला माणसाला काहीतरी लागतं. ते हिच्याकडे मिळतं." सुनीतीबाई यावर काही बोलत नसत. औषधाबद्दल वाद घालू नये, हाही सासूबाईंचाच एक नियम होता.

सासूबाईंचे नियम पुष्कळ होते. राजापूरजवळच्या खेड्यात त्या जन्मभर काविळीचं औषध देत आल्या, आणि जाण्याआधी तो हात त्यांनी सुनेला दिला. मोबदला घ्यायचा नाही, रोग्याच्या घरी चहासुद्धा घ्यायचा नाही. औषधाचा पाटा वेगळा, त्यावर मिरची-हळद वाटायची नाही. आणि सगळ्यात मोठा नियम आवतणाचा. भुईआवळी न सांगता उपटायची नाही. आदल्या दिवशी उन्हं कलल्यावर, तिची पानं मिटायच्या आत तिच्याकडे जायचं, हळदकुंकू, अक्षता वाहायच्या आणि म्हणायचं, "उद्या तुला न्यायला येते, बाई. अमक्यासाठी ये." दुसऱ्या सकाळी पानं उघडली की आवतण दिलेली भुईआवळी आणायची, मग पाऊस असो की आणखी काही. काढायला घरातून निघाल्यापासून वाटी रोग्याच्या हातात पडेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. कोणी हाक मारली, पायात काच गेली, तरी नाही. वाटी देताना पहिला शब्द रोग्याचं नाव. "घे, अमक्या." तोवर ते औषध नव्हे, नुसता पाला, असं सासूबाई बजावत.

या नियमापायी कलकत्त्यात सुनीतीबाईंचं नाव जरा वेगळंच झालं होतं. घरमालकांची विधवा बहीण रोज सकाळी अंगणात तुळशीला पाणी घालायची. सुरुवातीला तिने "दीदी, कुठे निघालात?" असं बंगालीत दोन-चारदा विचारलं, उत्तर मिळालं नाही, आणि ही मराठी बाई भारी शिष्ट आहे असं तिने अख्ख्या गल्लीत सांगून टाकलं. मग तिच्याच भाच्याला कावीळ झाली. त्यानंतर सुनीतीबाई पदर खोचून बाहेर पडल्या की ती स्वतः ओठांवर बोट ठेवून फाटकात उभी राही आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दटावी. तिच्या दटावण्याचा आवाज इतका मोठा की सगळी गल्ली जागी व्हायची.

भुईआवळी ओळखणं म्हटलं तर सोपं, म्हटलं तर नाही. वीतभर झाड. पानं चिंचेच्या पानासारखी, बारीक. डहाळी उलटी केली की खाली मोहरीएवढी हिरवी फळं ओळीने देठाला टांगलेली दिसतात. पण तिच्याच शेजारी, तिच्याच मापाची आणखी एक उगवते. तिच्या खोडावर तांबूस झाक असते, फळं खरबरीत असतात आणि देठ नसल्यासारखी डहाळीला चिकटून बसतात. तिला सासूबाई सवत म्हणत. सवत घ्यायची नाही. नवशिका हटकून सवतच घेऊन येतो, कारण ती जरा जास्त टवटवीत असते.

मुकुंद हा त्यांचा एकुलता एक मुलगा. कलकत्त्यात आला तेव्हा जेमतेम शाळेत जायच्या वयाचा, त्यामुळे त्याची मराठी बंगालीच्या अंगावर वाढली. बंगाल्यांसारखा तो पाणी प्यायचा नाही, खायचा. सुनीतीबाई सुधारून सुधारून थकल्या. लहानपणी त्याचा आवडता खेळ एकच, आई पाला काढायला निघाली की मागे मागे जायचं आणि तिला बोलायला लावायचं. "आई, तुझ्या पदराला आग लागली!" "आई, बाबा पडले!" एकदा तर भरावाखालच्या डबक्यात मुद्दाम गुडघाभर उतरून "बुडालो, बुडालो" म्हणून ओरडला. सुनीतीबाईंनी त्याला दंडाला धरून वर काढलं, एक चापट दिली, आणि घरी येऊन वाटी रोग्याच्या हातात देऊन झाल्यावर मग सणसणीत बोलल्या. तो खूश. "ही बोलत नाही म्हणजे नाहीच," असं तो मित्रांना अभिमानाने सांगायचा. पुढे कॉलेजात गेला, उंच झाला, आणि आईच्या औषधाला हसेनासा झाला. हसू आलं तरी तोंड वळवून हसे.

गेल्या श्रावणात त्याला ताप आला. तो बजबज या गावी एका मित्राकडे राहून आला होता, म्हणून सगळ्यांनी मलेरियाच धरला. कोयनेलच्या गोळ्या देऊन झाल्या. मग एका दुपारी खिडकीच्या उजेडात त्याच्या डोळ्यांत पिवळं दिसलं. डॉक्टर आले, ग्लुकोज, उसाचा रस, विश्रांती म्हणाले, आणि घाबरण्यासारखं काही नाही असंही म्हणाले. सुनीतीबाई घाबरल्या नव्हत्याच. त्यांनी कितीतरी पिवळे डोळे पांढरे झालेले पाहिले होते. उन्हं कलताच त्या भरावावर गेल्या आणि सगळ्यात भरदार भुईआवळी निवडून तिला आवतण देऊन आल्या. "मुकुंदासाठी ये, बाई." स्वतःच्या मुलाचं नाव तिथे घेताना त्यांना थोडंसं हसू आलं होतं, हे त्यांना नंतर नीट आठवे.

सकाळी निघाल्या तेव्हा तो गाढ झोपला होता. झोप आली, बरं झालं, असं वाटून त्यांनी त्याला हलवलं नाही. गल्ली ओलांडून तळ्याच्या वळणावर आल्या, तर मागून धावत येणाऱ्या पावलांचा आवाज झाला. वृंदा होती. वरच्या मजल्यावर नागपूरहून बदलून आलेले बँकेतले श्यामकांत राहत, त्यांची नवी बायको. पायात चप्पल नाही, केस सुटलेले.

"काकू! काकू, परत चला. मुकुंदाला फार बरं नाहीय. काकांनी बोलावलंय."

सुनीतीबाई थांबल्या. भराव समोर दिसत होता. पानं उघडली असणार. आत्ता बोललं तर सगळं गेलं, आणि मग परत जायचं ते काय घेऊन? त्यांनी एवढाच विचार केला. तो विचारसुद्धा नव्हता, अंगवळणी पडलेलं काहीतरी होतं. त्यांनी मान हलवली, ओठांवर बोट ठेवलं आणि त्या पुढे गेल्या. वृंदा वाटेतच उभी राहिली.

त्यांनी भुईआवळी मुळासकट काढली, पदरात घेतली आणि भरभर परत आल्या. अंगणात माणसं होती. घरमालकांची बहीण आज कोणाला दटावत नव्हती. सुनीतीबाई तशाच स्वयंपाकघरात गेल्या, पाला धुतला, औषधाच्या पाट्यावर बारीक वाटला, तांदळाच्या धुवणात कालवला, फडक्यातून गाळला. कोणी त्यांना अडवलं नाही. वाटी घेऊन त्या बाहेरच्या खोलीत आल्या तेव्हा लोक बाजूला सरले. वाटी कोणाच्या हातात द्यायची ते त्या बघत होत्या, आणि तो हात कुठे दिसेना. मग रघुनाथरावांनी ती त्यांच्याकडून काढून घेतली आणि खिडकीत ठेवली. "सुनीती," ते म्हणाले. उभ्या जन्मात त्यांनी बायकोला नावाने हाक मारली नव्हती.

दिवसभर त्या बोलल्या नाहीत. लोक म्हणाले, धसका. संध्याकाळी कोणीतरी स्वयंपाकघरात शोधाशोध करत होतं, तेव्हा त्या म्हणाल्या, "विळी फडताळाच्या खाली आहे." तो त्यांचा पहिला शब्द.

त्यानंतर वर्ष गेलं. कसं गेलं असं विचारलं तर सुनीतीबाईंना सांगता आलं नसतं, कारण ते त्यांच्या अंगावरून गेलं, आत शिरलं नाही. त्या उठत, चूल पेटवत, रघुनाथरावांचा डबा भरत, बाजार करत. कधी आमटीत दोनदा मीठ पडे, कधी पडतच नसे, आणि रघुनाथराव दोन्ही प्रकारची आमटी सारख्याच चेहऱ्याने जेवत. मराठी मंडळातल्या बायका येऊन गेल्या. हिला रडवा, नाहीतर हिचं काही खरं नाही, असं एकमेकींना सांगून त्यांनी रडवायचा चंग बांधला, मुकुंदाच्या लहानपणच्या गोष्टी काढल्या, आणि शेवटी स्वतःच डोळे पुसत घरी गेल्या. सुनीतीबाईंनी त्यांना चहा दिला. पाय मुडपून फार वेळ बसलं की तो आपला असून आपला वाटत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं त्यांचं सगळंच झालं होतं.

त्या घरात मुकुंदाचं नाव कोणी घेईना. रघुनाथराव कचेरीतून येत आणि आरामखुर्चीत बसून कालचं वर्तमानपत्र वाचत. त्या दिवशी वृंदाला धाडलं होतं, तू का आली नाहीस, हे त्यांनी बायकोला कधी विचारलं नाही. विचारतील म्हणून सुनीतीबाई सुरुवातीला वाट बघत. मग वाट बघणंही थांबलं.

काविळीचे रोगी मात्र दुर्गापूजेच्या सुट्टीपर्यंत येतच होते. सुनीतीबाई दारातच सांगत, "हात गेला माझा." लोकांना वाटे, मुलगा गेला म्हणून मन उडालं असेल. तसं नव्हतं. त्यांचा हिशेब साधा होता. त्या सकाळी त्या मुकुंदासाठी बोलणं बंद करून निघाल्या आणि वाटी त्याच्या हातात पडलीच नाही. नाव घ्यायचं राहिलं. मधे विळी, मीठ, दूधवाला, असं सगळं बोलून झालं होतं, पण ते बोलणं नव्हे. ते निघणं अजून संपलेलं नव्हतं. एक औषध पोचल्याशिवाय दुसऱ्याला हात कसा लावायचा? यावर तोड नव्हती, आणि तोड काढावी असंही त्यांना वाटत नव्हतं.

वृंदा वर्षभरात एकदाही खाली येऊन बसली नाही. जिन्यात समोरासमोर आल्या तर दोघी भिंतीकडे बघत. सुनीतीबाईंच्या मनात तिच्याबद्दल राग नव्हता. काहीच नव्हतं. फक्त भरावाच्या वाटेवर त्यांनी मान हलवली ते तिने एकटीने पाहिलं होतं, आणि पाहणाऱ्याच्या समोर उभं राहणं अवघड जातं.

आणि यंदाच्या श्रावणात वृंदालाच कावीळ झाली.

सुनीतीबाईंना ते घरमालकांच्या बहिणीकडून कळलं. पोर काही खात नाही, घेतलेलं पोटात ठरत नाही, डॉक्टर येऊन जातात, आणि ती नुसती भिंतीकडे तोंड करून पडते. घाबरली आहे हो, बहीण म्हणाली, तिने डोळ्यांनी पाहिलंय ना. सुनीतीबाईंनी मान डोलावली आणि शेंगा सोलत राहिल्या.

दोन दिवसांनी श्यामकांत खाली आले. बँकेतला माणूस, इस्त्रीचा सदरा, आणि हातात खाकी कागदाचा पुडा. पुड्यातून चिखल गळत होता.

"काकू, औषध मागायला नाही आलो," ते घाईने म्हणाले. "वृंदाने बजावलंय, काकूंना काही सांगायचं नाही म्हणून. मी फक्त एवढं विचारायला आलो, की यातलं भुईआवळं कोणतं? मी स्वतःच आणलंय. भरावावरून."

त्यांनी पुडा उघडला. सुनीतीबाईंनी पाहिलं. त्यात लाजाळू होती, कसलंसं काटेरी होतं, चिंचेचं रोप होतं, आणि बाकी सगळी सवत.

"हे नव्हे," त्या म्हणाल्या. "हेही नव्हे. ही तांबडी. ही तांबडी. ही चिंच आहे."

"चिंच?" श्यामकांत ओशाळले. "बरं. आणतो परत."

संध्याकाळी ते परत आले. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, सदऱ्यावर कोळशाचे डाग. या खेपेला पुडा मोठा होता. जिथे हिरवं दिसलं तिथे ते हात घालून आले होते. सुनीतीबाई एकेक काडी बाजूला करत गेल्या. बोटं आपली आपण चालत होती, डहाळी उलटी करत होती, फळ चाचपत होती, टाकत होती. त्या फक्त बघत होत्या, दुसऱ्याच कोणाची बोटं असावीत तसं. तळाशी एक काडी आली आणि बोटं थांबली. हिरवं खोड. डहाळीखाली ओळीने टांगलेली गुळगुळीत फळं.

"हे?" श्यामकांत पुढे वाकले.

"हीच. पण ही न सांगता काढलीय."

"मग नाही चालायची?"

त्या माणसाच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, शंका नव्हती. तो खरोखरच विचारत होता, आणि त्याच्या नखांत माती होती. वर बाई उलट्या करते आहे आणि हा चिंचेची रोपं उपटत फिरतो आहे, असं सुनीतीबाईंच्या मनात आलं. खूप दिवसांनी त्यांच्या मनात काहीतरी आलं होतं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "मी बघते."

हळदकुंकवाची डबी त्यांनी उघडली तेव्हा कुंकू गोळा होऊन बसलं होतं. दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर त्या निघाल्या. भरावाखाली आता झोपड्या झाल्या होत्या. पूर्व बंगालातून आलेल्या लोकांनी बांबू आणि पत्रे उभे केले होते, दोऱ्यांवर कपडे वाळत होते. गेल्या वर्षीची जागा सापडेल असं त्यांना वाटलं नव्हतं. पण रुळांच्या बाजूला सिमेंटचा पडका खांब होता, आणि त्याच्या पायाशी ती होती. एक नव्हे. गेल्या वर्षी त्यांनी झाड काढताना पिकली फळं सांडली असणार, तिथे आता भुईआवळीची अख्खी पंगत बसली होती. पानं मिटायच्या बेतात होती.

सुनीतीबाई खाली बसल्या. कुंकू, अक्षता वाहिल्या. "उद्या तुला न्यायला येते, बाई," त्या म्हणाल्या, आणि नाव घ्यायला तोंड उघडलं, तर वृंदाचं नाव येईना. दुसरं पुढे उभं राही. बजबजची गाडी धडधडत वरून गेली, इंजिनाचा धूर खाली आला, आणि धूर विरेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या. शेवटी हळू आवाजात म्हणाल्या, "वृंदासाठी ये." भुईआवळीने पानं मिटली. हे काम आपल्याच्याने पुरं व्हायचं नाही, असं त्यांना वाटत राहिलं.

सकाळी त्यांनी पदर खोचला तेव्हा रघुनाथराव आरामखुर्चीत होते. त्यांनी बायकोच्या पदराकडे पाहिलं, उठले, दाराची कडी काढली आणि बाजूला उभे राहिले. फाटकात घरमालकांची बहीण होती. ती दटावायलाच विसरली, नुसती बघत राहिली.

तळ्याच्या वळणावर सुनीतीबाईंचे पाय आपोआप थांबले. मागून कोणी येत नव्हतं. गल्ली रिकामी होती. तरी त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि आज कोणी हाक मारली असती तर आपण बोललो असतो, हे त्यांना पक्कं कळलं. पण ज्याने मारायची तो नव्हता. त्या पुढे गेल्या.

पाला धुतला. पाटा वर्षभर पालथा होता, तो घासून घेतला. वाटताना हाताला गार लागत होतं. तांदळाच्या धुवणात कालवून, गाळून, वाटी घेऊन त्या जिना चढू लागल्या. वाटी डचमळू नये म्हणून एकेक पायरी बघून पाय टाकत होत्या. खालून रघुनाथराव बघत होते ते त्यांना माहीत होतं.

वृंदा भिंतीकडे तोंड करून पडली होती. श्यामकांतांनी तिला आधार देऊन उठवलं. चेहरा एवढासा झालेला, डोळे हळदीसारखे. सुनीतीबाईंना पाहून ती दचकली आणि पदर सावरू लागली. सुनीतीबाईंनी वाटी पुढे केली. वृंदाने दोन्ही हात पुढे केले. वाटी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. समोर हात होते, घेणारे, जिवंत.

"घे," सुनीतीबाई म्हणाल्या. "घे, मुकुंदा."

श्यामकांतांनी चमकून वर पाहिलं. आपण काय बोललो ते सुनीतीबाईंना ऐकू आलं, आणि ते परत घेता येईना. वृंदाने मात्र त्यांच्याकडे पाहतच वाटी तोंडाला लावली. पाला कडू असतो, चांगले चांगले लोक तोंड वाकडं करतात. तिने शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन वाटी मांडीवर ठेवली.

"काकू," ती म्हणाली, "तो म्हणाला होता."

"काय?"

"त्या दिवशी काका मला म्हणाले, धावत जा, तिला घेऊन ये. तेव्हा मुकुंदाने डोळे उघडले. मला म्हणाला, वहिनी, जाऊ नका, ती बोलायची नाही. मी लहानपणी खूप प्रयत्न करून पाहिलेत. आणि हसला, काकू. देवाशपथ हसला. म्हणून मी वाटेत दुसऱ्यांदा हाक नाही मारली. तुम्हाला माझं तोंड बघायचं नसेल असं वाटून वर्षभर सांगायला आले नाही."

सुनीतीबाईंना बसायचं होतं, पण खाट कुठे आहे ते कळेना, म्हणून त्या जमिनीवरच बसल्या. छातीतून काहीतरी वर आलं आणि तोंडावाटे बाहेर पडलं. तो आवाज त्यांना स्वतःचा वाटला नाही. मग त्या रडल्या. पदर तोंडात कोंबायचं भान नव्हतं, दार उघडं आहे याचं भान नव्हतं, खाली अंगणात लोक थांबले याचंही नव्हतं. दुखत होतं, सगळीकडे दुखत होतं, मुंग्या आलेल्या पायात रक्त परत आलं की दुखतं तसं, आणि त्या "मुकुंदा, मुकुंदा" म्हणत होत्या.

जिन्यावर पावलं वाजली. रघुनाथराव दारात येऊन उभे राहिले. चष्मा कपाळावर, हातात वर्तमानपत्र तसंच.

"अहो," सुनीतीबाई म्हणाल्या, "तो हसला म्हणे."

"हो," रघुनाथराव म्हणाले. "मी तिथेच होतो."

"मग सांगितलं का नाहीत मला?"

त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "तू त्याचं नाव काढायची वाट बघत होतो," ते म्हणाले. "तुझ्याआधी मी कसं काढणार?"

सुनीतीबाईंनी तोंड पुसलं. वृंदाला पथ्य सांगायचं राहिलं होतं, तेल नाही, हळद नाही, ताकभात, मुळा. ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि भलतंच विचारलं.

"आणखी काय म्हणाला?"

रघुनाथराव धोतर सावरत त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि सांगू लागले.